टोकन त्र्याऐंशी

बॅगेचे वीस, मोबाइलचे दहा,
घड्याळाचे मी काही घेत नाही.
मरोळच्या या गाळ्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
प्रवेशपरीक्षेच्या दिवशी झेरॉक्स कमी, ठेवी जास्त:
कानातल्या रिंगा, दंडातला ताईत,
एकाची मुंजीतली अंगठी निघेना, साबण लावून काढली.
गेटवरची बाई बाह्यांच्या शिवणी चाचपते,
केसांचा आकडासुद्धा परत पाठवते.

आत जिथे आता संगणक मांडलेत
तिथे माझं लेथ होतं, आठ वर्षं.
बोल्ट कापायचा, गेजमध्ये घालायचा.
गेजला दोन तोंडं. एकातून गेलाच पाहिजे,
दुसऱ्यातून जाताच कामा नये.
अर्ध्या सुताचं सोडा,
केसाएवढं इकडेतिकडे झालं तरी लाल डब्यात.

कंपनी बंद पडली त्या दिवशी
लाल डब्यातले दोन मी खिशात टाकून आणले.
दुकानाच्या शटरला आहेत. एकोणीस वर्षं, हललेले नाहीत.
हे एका बापाला सांगितलं.
तीन तास बसायचं नाही असा नवस केल्यासारखा
तो उन्हात उभा होता.
म्हणाला, बोल्टाला परत बसायची फी नसते.

मे महिन्यात ती आली. रुहीना मुकादम.
हॉलतिकिटाची कॉपी फिकट आली म्हणून दुसरी काढून दिली,
फिकट माझ्याकडे राहिली.
काळं प्लॅस्टिकचं घड्याळ, पट्टा दोऱ्याने शिवलेला.
"काका, दोन मिनिटं मागे पडतं, पण हरवू नका."
पेपर सुटला, सगळे आले.
ती नाही आली.

मी पोटमाळ्यावर झोपतो.
पहाटे पावणेपाचला खाली ड्रॉवर वाजायला लागला.
तिचा अभ्यासाचा गजर.
बटणं चार, बंद कुठलं करतं कळेना.
पुढे कळलं.
केलं नाही.

निकाल लागला, पोरं प्रिंट काढायला आली.
पर्सेंटाइल. दशांशचिन्हापुढे सात आकडे.
सात!
आम्ही तीनवर थांबायचो,
आणि ते लोखंड होतं.

फिकट कॉपीवर तिचा नंबर वाचता येतो, जन्मतारीखही.
एकदा नंबर टाकला होता,
तारीख टाकणार तोच कुणीतरी
आधारच्या दोन कॉपी मागितल्या, पाठपोट.

आता गजराआधीच जाग येते.
उतरतो, चहा ठेवतो.
ते अजून दोन मिनिटं मागेच आहे.
बरोबर लावून ठेवावं का,
की तिचं तिलाच लावू द्यावं.