साठ पावलं

दाल्काव्हेच्या बाजारातून तीन तलंगा आणल्या,
पाय बांधून, बटाट्याच्या पोत्यात,
फेरीबोटीवर माझ्या पायांशी.
विकणारी म्हणाली, निळी अंडी घालतात,
हात लावून बघा, कशा ठणठणीत.
बाजारात सगळ्याच ठणठणीत असतात.

घरामागे, वारा जिकडे निघून जातो त्या अंगाला
आबेलार्दोची होडी पालथी पडली आहे,
तो पुंता आरेनासला गेला तेव्हापासून.
तिच्या कडेनं जाळं ठोकून
मी त्यांना तिथं डाललं.
जुन्या खुराड्यापासून साठ पावलं.
दोनदा मोजली,
चिखलात पाऊल तोकडं पडतं म्हणून.

शेजारची क्लोरिंदा कुंपणावरून हसते:
कोंबड्यांचं कसलं गं हे सोवळं?
हसू दे.
आधी जुन्यांना दाणा, मग नव्यांना,
उलट कधीच नाही.
बुटांचे दोन जोड, दोन बादल्या,
आणि मधल्या वाटेवर औषधाच्या पाण्याची परात.
तिच्यात पाय बुडवल्याशिवाय
इकडची मी तिकडे जात नाही.

हे कोंबड्यांनी नाही शिकवलं.
सॅमनच्या कारखान्यात अकरा वर्षं सुरी चालवली,
रोज सकाळी रबरी बुटांनी अशाच परातीतून आत.
मग एका हिवाळ्यात पिंजऱ्यांतले मासे
पांढरी पोटं वर करून तरंगले.
परात होती. पाणीही रोज बदललेलं होतं.
फक्त साहेबांची गाडी
दुसऱ्या फाटकानं थेट आत यायची.

नवव्या दिवशी होडीखालून शिंक आली.
मी फळीला कान लावून किती वेळ बसले.
कोंबडी होती,
की डांबर निघालेल्या भेगेतून पडलेला थेंब?
कळलं नाही.
मोजणी पुन्हा एकपासून.

पंख उचलून पाहिले, उवांसाठी राख चोळली,
शीट काडीनं उलटून पाहिली,
जशी माझी आई चहाच्या तळाशी
काहीतरी वाचायची आणि सांगायची नाही.

तीस भरले. कुणी शिंकलं नाही.
तरीही पुरत नाही, हे मला ठाऊक आहे.
आजार अंगावर वागवत
मजेत दाणे टिपणाऱ्याही असतात.
त्यावर एकच उपाय:
जुन्यांतली एक नव्यांत सोडायची
आणि दोन आठवडे बघायचं,
ती पडते का.

रात्री कंदील घेऊन खुराड्यात उभी राहिले.
काठीवर सतरा जणी.
कोणती?
डोमकावळ्यासारखी काळी ती नाही, ती चांगली खुडूक बसते.
लंगडी नाही, तिला वाचवायला मीच एक महिना घालवला.
कंदील पुढे पुढे सरकला
आणि मला आठवला तो माणूस,
मेलेले मासे उपसायला पहिली नावं लिहिणारा.
त्यानं आम्हां बायकांच्या रांगेवरून
अशीच नजर फिरवली होती,
घाई न करता,
आणि माझ्यापाशी थांबला होता.

शेवटी म्हातारी घेतली. अंडी बंद झालेली,
एक डोळा मुंगसासारख्या कुठल्याशा जनावरानं नेलेला.
तिला मी नाव दिलं नव्हतं.
नाव दिलं की रस्सा गळ्याखाली उतरत नाही.
तिनं धडपड केली नाही.
काखेत ऊबदार, विटेएवढी जड,
साठ पावलं माझ्या छातीशी ऐकत राहिली.

सकाळी खुराड्यात गेले
तर काठीवरची तिची जागा
दोन्हीकडून सरकून बुजवलेली.

आज अकरावा दिवस.
ती खाते. पोरींना टोचून आधी स्वतः खाते.
परातीतलं पाणी मी दोनदा बदललं.
जाळीशी वाकले की थांबते,
चांगल्या डोळ्यानं मला बघते,
मग मान वळवून
नसलेल्या डोळ्यानं.

त्या बाजूनं जरा जास्तच वेळ.