पाठ

सोळा फेऱ्या. चोवीस जणी.
निकालाच्या कागदावर मी चौदावी.

पहिल्या फेरीत कुणालाच पुढे जायचं नसतं.
पुढे वारा असतो.
छताखालच्या हॉलमध्ये वारा कुठला, असं मावशी विचारते.
वारा आम्हीच करतो, मावशी,
ताशी पंचेचाळीसच्या वेगाने, छातीने ढकलत.

व्हीत्स्के माझ्या मागे होती, ठरल्याप्रमाणे.
मंगळवारी, कॉफीच्या मशीनपाशी,
कोचने नॅपकिनवर अंड्यासारखा गोल काढला,
त्यात मी एक टिंब, ती एक टिंब.
माझ्यापुढे बाण.
तिच्याभोवती वर्तुळ.
कुणी काही बोललं नाही. मी साखर ढवळत राहिले.
मी साखर घेत नाही.

पाठीशी उभं राहणारा आधार देतो म्हणतात.
बर्फावर उलट.
पाठीशी असते तिची सोय,
जिची पाठ असते तिच्या मांड्यांत जाळ.
दहाव्या फेरीपासून मी पाठ दाखवली,
पळून जायला नव्हे, तेच माझं काम होतं.
एक हात कमरेवर, कंबर टेबलासारखी सपाट,
जणू कुणी तरी तिच्यावर ताट मांडून जेवणार आहे.

शेवटची घंटा.
मी बाहेर सरकले, इतकीशी, एका खांद्याएवढी.
व्हीत्स्के त्या फटीतून गेली,
आणि मी जागेवर आले तेव्हा
फट मिटली होती त्रीनूच्या तोंडावर.
नियमांच्या पुस्तकात खांद्याचं माप नाही.
पंचांनी व्हिडिओ दोनदा पाहिला
आणि पुढच्या शर्यतीची नावं पुकारली.

त्रीनू एस्टोनियाची. एकटी येते.
एक बॅग, आणि एक भाऊ, तोच कोच, तोच ड्रायव्हर.
बुटाची लेस सोडताना म्हणाली,
रागाने नाही, हॉटेलचं बिल तपासावं तशी,
"मी दोघींशी शर्यत लावली.
पाटीवर मात्र एकेकीचीच लिहिली होती."

मला म्हणायचं होतं,
आठ फेऱ्या तूही माझ्याच आडोशाला होतीस,
आयत्या बिळावर तूही नागोबा,
मी कुणाला हाकललं?
म्हणायचं होतं, माझे पाय माझे,
ते कुणासाठी थकवायचे ते मी ठरवीन.
दोन्ही खरं होतं.
पण फटीचं खांद्याला ठाऊक होतं.
मी म्हटलं, "तुझा मोजा ओला झालाय."
ती म्हणाली, "हो."

व्हीत्स्केने फोटोपुरतं पदक माझ्या गळ्यात घातलं.
रिबनला तिच्या घामाचा वास होता.
शुक्रवारी बक्षिसाचा तिसरा हिस्सा खात्यात आला,
तपशिलात लिहिलेलं: वाऱ्याबद्दल.
तिला विनोद जमतो.
मी हसले, आणि गाडीला नवे टायर घातले.

फेब्रुवारीत कालवा गोठला. पाचच दिवस.
गावाकडे रीत आहे,
शंभर ढकला पुढे राहायचं, मग हात हलवून बाजूला व्हायचं,
जो मागे असेल त्याची पाळी. ओळख लागत नाही.
माझ्यापुढे उबेले होता, एकाहत्तरचा,
पुलाचं फाटक उघडायचा, आता निवृत्त.
जाकिटाला कोपरावर वेगळ्याच रंगाचं ठिगळ.
शंभर झाल्या. त्याने हात हलवला नाही.
दीडशे. मी ओरडले, माझी पाळी!
"पुलापर्यंत माझीच," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

मागे किती शांत असतं.
कान दुखत नाहीत. स्वतःचा श्वास ऐकू येतो.
काठावरचे वेत मोजता येतात.
हे सगळं मी वर्षभर कुणाला तरी देत होते,
आणि एका खांद्याने कुणाकडून तरी काढूनही घेतलं.

पुलाखाली मी पुढे झाले.
थोड्या वेळाने उबेलेच्याही मागे
तिसऱ्या पात्याचा आवाज यायला लागला, खरड, खरड, तरुण.
कोण आहे ते वळून पाहिलं नाही.
खांदा सरळ ठेवला,
आणि एकपासून मोजायला लागले.