पसंतीक्रम

पेन आयोगाचा, जांभळा.
स्वतःचा चालत नाही.
नावापुढे आकडा घालायचा, एक,
वाटलं तर दोन, तीन.
"बरोबरची खूण केलीत की मत बाद,"
धोंडगे सर सांगतात,
जसं मी नववी ब ला सांगतो.
घरी एका उमेदवाराचं सफारीचं कापड,
अजून शिवायला टाकलेलं नाही.

केंद्र म्हणजे पंचवटीतली माझीच जुनी शाळा,
पहिलीचा वर्ग.
फाटकाशी किल्ल्या घेऊन खैरनार बाई.
बाई, झालं मतदान?
"आम्ही प्राथमिकवाले रे.
शिक्षक मतदारसंघात आम्ही नसतो."

याच वर्गात माझं बोट धरून
त्यांनी एक गिरवून घेतला होता,
आधी गोल, मग शेपूट.

शाईचं बोट मी मुठीत लपवलं.
बाईंनी विचारलं,
"आकडा नीट काढलास ना?"