सिक लाइन

खोक्यातून निघाला तेव्हा डबा फारच कोरा होता,
घडी न मोडलेल्या शाळेच्या शर्टासारखा.
मालगाडी अशी नसते.
होटगीला सिमेंट भरून मे महिन्यात
उभी असलेली तर नाहीच.

मग व्हिनेगरात आठवडाभर खिळे भिजवले.
गेरू, तव्यामागची काजळी, शिलाईचा पांढरा खडू,
सगळं खलबत्त्यात.
(शेंगाचटणीला आईने आता दुसरा आणलाय.)
गंज दाराच्या कडेने ओघळतो,
बिजागरीपाशी जरा अडतो, मग रुंदावतो.
हे मी रामवाडीच्या धक्क्यावर उभी राहून पाहिलं.
हमाल म्हणाले, बाई काय मोजतेय?

शेवटी खडूच्या खुणा.
चार केसांचा ब्रश, श्वास रोखून:
तारीख, फुली, आणि अण्णांची ती तिरकी सही,
भू. ना. चिलवेरी,
चौतीस वर्षं जी त्यांनी डब्याडब्यावर केली
आणि पुढच्या स्टेशनात कुणीतरी पुसली.

अण्णा आले. चष्मा कपाळावर.
चाकावर नख वाजवलं, कान लावला.
एवढंसं चाक, कसला आवाज देणार?
दुसऱ्यालाही वाजवलं.
"एक्सल तापलाय. सिक कर.
वाडीपर्यंत जायचा नाही हा."
सहीवर नजर गेली. बोलले नाहीत.
फक्त थुंकी लावलेल्या बोटाने
शेवटची वेलांटी पुसली.

मी डबा काढला.
खिडकीत रुळाचा एक सुटा तुकडा असतो,
त्यावर ठेवला.

रात्री भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं,
फिटर आला का?