एका दाबाला एक

आधी गोळ्या मोजल्या.
लिमलेटच्या शंभर, रविवार पेठेतून घाऊक आणलेल्या,
व्हर्निअरच्या जबड्यात एकेक धरून.
तेरा पॉइंट दोन, बारा पॉइंट नऊ,
एक चक्क चौदा, साखरेचं नाक फुटलेली.
फिरोजा आकडे लिहीत होती,
मी मोजून झालेल्या खात होतो.
सत्त्याऐंशीव्या गोळीला तिनं पेन ठेवलं,
‘शार्दूल, पुरावा कमी होतोय.’

एक गोळी दुसरीसारखी नव्हती
आणि प्रकल्पाच्या कागदावर ओळ एकच:
मुठीत मावेल, एका हातानं चालेल,
एका दाबाला एक गोळी देईल.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा. दाबल्यावर अकरा पडल्या.
दुसरा कॉलेजच्या प्रिंटरवर छापायला लावला,
रात्रभर पांढरा दोरा थरावर थर घालत राहिला,
पहाटे कधीतरी बुडातून सुटला,
आणि सकाळी यंत्रात शेवयांचा गुंता.
तिसऱ्यात गोळी आत गेली ती गेलीच.
परचुरे सरांनी तो कानाशी धरून हलवला,
‘खुळखुळा उत्तम झालाय,’ म्हणाले
आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

स्प्रिंगसाठी नाना पेठ.
लतीफभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
कुठल्या गाडीची?
गाडीची नाही. गोळीची.
ते आमच्या तोंडाकडे बघत राहिले,
मग डबे उचकून एक बारकी स्प्रिंग काढली,
अंगठ्यानं दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
‘ही बोटाला दुखणार नाही.’
बलाची गणितं आम्ही त्यानंतर केली.
उत्तर तेच आलं.
अहवालात गणितं आधी आहेत.

आता वापरणारा माणूस हवा.
कसब्यातले गुंदेचा शेठ, किराणा आणि भुसार,
सुट्टे नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी,
रुपयाला एक, दर ठरलेला.
बरणीत बोटं घालायची, चिकटलेल्या सोडवायच्या,
पुन्हा त्याच बोटांनी हळद तोलायची.
चौथा नमुना त्यांना आठवडाभर दिला.
सरळ धरला तर एक पडायची,
जरा तिरका झाला की दोन.
आम्ही वहीत लिहिलं: दोष.

पाचव्यासाठी फिरोजा तीन रात्री झोपली नाही.
खाचेला कानस, कडेला पॉलिश पेपर,
अर्ध्या मिलिमीटरवरून आमचं भांडण,
सकाळी तिचंच बरोबर निघालं.
दोनशे दाब, दोनशे गोळ्या.
तिरका, उलटा, पाठीवर पडलेला,
मार्चच्या उन्हात गोळ्या घामेजल्या तरी
दाबाला एक.

शेठनी तो चार दिवस वापरला
आणि गल्ल्यावर ठेवून म्हणाले,
‘बरोबर चालतं हे.’
सूर तक्रारीचा.
आम्ही वही उघडून उभे.
‘शाळा सुटली की पोरं येतात.
जुनं तुमचं वाकडं व्हायचं, दोन पडायच्या.
मी देत नव्हतो हां. पडायच्या.’
मग त्यांनी तराजूचं पारडं पुसायला घेतलं,
ते आधीच स्वच्छ होतं.

सादरीकरणात पाचवा ठेवला.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दाबून पाहिला, एक पडली,
तोंडात टाकली, गुण दिले.
चौथ्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही.
फिरोजानं त्या पानावरचा ‘दोष’ हा शब्द
खोडला नाही, नुसता कंसात टाकला.

चौथा अजून तिथंच आहे, गल्ल्याशेजारी,
रबरबँड लावून, हळदीनं पिवळा पडलेला.
परवा जिऱ्याची पुडी घेतली, रुपया उरला.
शेठनी माझ्याकडे पाहिलं,
नमुना उचलला,
अगदी सरळ धरला.
एक पडली.