पाणी कुठवर

कॉलेज रोडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही दोघं एक गेम बनवतो.
निनाद कोड लिहितो, मी चित्रं काढते
आणि लोकांना कळवते, काय झालं.

गेममध्ये एक नावाडी आहे.
बुडालेल्या गावात तो माळ्यामाळ्यांवर अडकलेल्यांचे
निरोप एकमेकांना पोचवतो.
तीनशे बारा जणांनी त्याचे पैसे आधीच दिलेत.
त्यांची नावं माझ्या वहीत आहेत,
वाण्याच्या वहीत उधारी असते तशी,
फक्त उधारी आमची.

पहिल्या वर्षी दर शुक्रवारी लिहिलं.
नाव हलली. नाव वळली. नावेला सावली आली.
मग शुक्रवार आठवड्यातून दोनदा यायला लागला.
गुरुवारी रात्री निनाद हातातलं काम टाकून
दाखवण्यासारखं काहीतरी करत बसायचा.
एकदा बगळा केला.
बगळा कशाला रे?
उद्या शुक्रवार आहे ना.
एकशे सहा जण त्याला वा म्हणाले.
तो बगळा गेममध्ये कुठेच नाही.

म्हणून ठरवलं, आता झाल्यावरच बोलायचं.
पहिला शुक्रवार चुकला तेव्हा मोकळं वाटलं,
दुसऱ्याला थोडी लाज,
पाचव्यानंतर कारण इतकं मोठं लागलं असतं
की गप्प राहणंच स्वस्त पडलं.

मालेगावहून मुदस्सर लिहायचा,
मागावरची रात्रपाळी संपली की, पहाटे:
ताई, नवीन काही नको.
नाव पाण्यात आहे ना, तेवढं सांगा.
मी उत्तर लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
खोडायला मला छान जमतं.

ऑगस्टात गंगापूरचे दरवाजे उघडले
आणि अख्ख्या गावाबरोबर मीही गोदाघाटावर गेले.
दोर बांधलेले, हातगाड्या वर सरकवलेल्या,
आणि जो येईल त्याचा एकच प्रश्न:
मारुतीला कुठवर?
गुडघ्याला.
पाच मिनिटांनी दुसरा कोणी: कुठवर?
गुडघ्यालाच.
कोणी चिडलं नाही.
मघाशीही गुडघ्यालाच होतं, तासभर काय करत होता,
असं कोणी दुतोंड्याला म्हटलं नाही.
त्याच्या अंगावरचं पाणी बघून
एकाने दुकानातली पोती हलवायला घेतली,
एकीने म्हटलं, अजून एक चहा होईल.

मी भिजत उभी होते.
वाटलं, आपण अकरा आठवडे पाणी लपवत बसलो,
आणि त्याआधी वर्षभर
बगळे उडवत.

घरी येऊन एका दमात लिहिलं:
दाखवण्यासारखं काही नाही.
नाव घरात शिरते तेव्हा भिंतीतून आरपार जाते,
का, ते सापडत नाहीये.
मध्ये निनादला कावीळ झाली होती.
पैसे मार्चपर्यंत पुरतील.
पाणी गुडघ्याला आहे.

निनाद म्हणाला, मार्चचं काढ.
मी नाही काढलं.

नऊ जणांनी पैसे परत मागितले. दिले.
वहीतलं नववं नाव खोडायला
जरा वेळ लागला,
ते माझ्या मामेभावाचं होतं.

पहाटे मुदस्सर:
बरं झालं सांगितलं. आता पुढच्या शुक्रवारी?

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.
दर आठवड्याला म्हटलं तर पुन्हा बगळा.
झाल्यावर म्हटलं तर पुन्हा ते मौन.
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, मी लिहिलं,
झालं असो, नसो.
आणि भिंत लागली, तर त्याच रात्री.

त्याने नुसता अंगठा पाठवला.

खाली झेरॉक्सवाल्याचं शटर वर गेलं.
निनाद जागाच होता,
नाव भिंतीवर आदळून बघत होता.
आरपार.
पुन्हा आरपार.