डावं-उजवं

अकरा सेकंद.
एक बाई धावत येते, शाल वाऱ्यावर,
मागे दीपस्तंभ, पायथ्याशी दार,
दारावर जरा तिरकी बसलेली खिडकी,
आणि कडेला उभा एक नावाडी, नुसताच.
मग पाटी: तो आता परत यायचा नाही.
पुढचं रीळ डब्यातच
चिकटून गूळ झालेलं.

थोरकिल्ड, फेरीबोटीवरचा निवृत्त मेकॅनिक,
दोन हिवाळे या अकरा सेकंदांत राहिला.
जटलंडचा पश्चिम किनारा पालथा घातला,
सायकलला अडकवलेल्या डब्यात काळा पाव, खारा मासा,
खिशात त्या खिडकीचा फोटो, घडीवर फाटत चाललेला.
जुने राखणदार कॉफी पुढे करायचे
आणि मान हलवायचे.
"आमचा नव्हे. आमची टेकडी या अंगाला."
"देऊळ दिसायला हवं होतं मागे, ते कुठंय?"
प्रत्येक गावात काहीतरी जुळायचं
आणि काहीतरी नेमकं फिरायचं.
वेस्टरक्लिटला तर तो पहिल्याच आठवड्यात जाऊन आला होता.
तिथे दीपस्तंभच नव्हता.

दाग्नी कोपऱ्यात कुणाच्या तरी पँटची
शिलाई उसवत बसलेली.
चष्म्यावरून एकदा पडद्याकडे बघून म्हणाली,
"त्या नावाड्याने बायकोचा कोट घातलाय का?
बटणं बायकी बाजूला आहेत."

थोरकिल्डने न्हाणीघरातला आरसा
खिळ्यासकट उपटून आणला.

आरशात टेकडी या अंगाची त्या अंगाला गेली.
चौकटीच्या कडेला, मघापर्यंत ढग वाटलेलं,
देवळाचं छप्पर आलं.
वेस्टरक्लिट.

मारेन ऐंशीची, त्याच गावची.
तिचे वडील शेवटचे राखणदार.
चौतीसच्या वादळात कडा कोसळला,
दीपस्तंभ दोन दिवस तिरका उभा होता म्हणे,
मग रात्री कुणी बघत नसताना गेला.
थोरकिल्डने तिला भिंतीवर रीळ दाखवलं, समोर आरसा धरून.
ती बाईकडे बघेना, नावाड्याकडे बघेना.
"खिडकीत बघा. पडदा सरकवणारा हात.
सिनेमावाल्यांनी तिला बजावलं होतं, बाहेर यायचं नाही.
पण हा डावा हात आहे ना?
आई डावखुरी होती."

संग्रहालयाला कार्ड पाठवायचं होतं.
स्थळ, या शब्दापुढे थोरकिल्ड बराच वेळ अडला.
देवळापासून वायव्येला चारशे पावलं,
त्यातली शेवटची साठ पाण्यात.
तसंच लिहिलं.

त्या रात्री त्याने रीळ पुन्हा लावलं.
दाग्नीने आरसा धरला,
हात दुखतोय म्हणत, तरी धरला.
बाई आता खऱ्या बाजूने धावत आली,
नावाड्याचा कोट त्याचा त्याला मिळाला,
खिडकीतला पडदा हलला.
पाटी तेवढी मागाहून कुणीतरी जोडलेली, मुळात सरळ,
ती आरशात उलटी पडली.
दोघांनी वाचायचा प्रयत्न केला.
एक अक्षर लागेना.